बातमीपत्रात न आलेली बातमी

परदेशी विद्यापीठांच्या मानसोपचार विभागांची बातमीपत्रं चाळायची मला सवय लागली आहे. पोस्टडॉकच्या जागा त्यातून कळतात, हे एक कारण. पण दोन-चार अंक वाचले की साचा लक्षात येतो. कुणाला ग्रँट मिळाली, कुणाचा पेपर कुठे छापून आला, नवे रेसिडेंट कोण, निवृत्त कोण झालं, आणि शेवटी अमुक ट्रायलसाठी पेशंटची भरती सुरू आहे किंवा टार्गेट पूर्ण झालं. यात खोटं काही नसतं. माझी तक्रार त्या शेवटच्या ओळीबद्दल आहे. ‘भरती पूर्ण’ ही बातमी तयार कशी होते, हे रिसर्चमध्ये येऊ पाहणाऱ्यांनी एकदा तरी जवळून बघायला हवं. त्यासाठी कार्ल एलियट यांच्या लिखाणाइतकं उपयोगी मी दुसरं काही वाचलेलं नाही. त्यांचं ‘द ऑकेजनल ह्यूमन सॅक्रिफाइस’ २०२४ मध्ये आलं. आज त्याबद्दल, आणि ते मला कुठे कमी पडलेलं वाटलं त्याबद्दल.

एलियट मिनेसोटा विद्यापीठात बायोएथिक्स शिकवतात. पुस्तकात टस्कगीच्या सिफिलिस अभ्यासापासून स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटपर्यंत सहा प्रकरणं आहेत, आणि प्रत्येकात ‘हे चाललंय ते बरोबर नाही’ म्हणणारी माणसं केंद्रस्थानी आहेत. पण लेखकाला या विषयात ओढणारी गोष्ट त्याच्या स्वतःच्या विद्यापीठातली, तिथल्या मानसोपचार विभागातली आहे. ती थोडी सविस्तर सांगते, कारण आपल्याकडच्या कोर्सवर्कमध्ये एथिक्स म्हटलं की न्यूरेंबर्ग, टस्कगी, बेलमाँट रिपोर्ट आणि मग थेट प्लेजरिझम एवढाच प्रवास होतो.

नोव्हेंबर २००३. डॅन मार्किंगसन नावाचा २६ वर्षांचा तरुण सायकोसिसच्या लक्षणांमुळे विद्यापीठाशी जोडलेल्या रुग्णालयात दाखल झाला. त्याला सक्तीनं सरकारी रुग्णालयात पाठवायची शिफारस झाली होती. कोर्टानं ती थांबवली, पण उपचारांची ठरवलेली योजना पाळायची अट घातली. त्यानंतर लगेचच त्यानं ‘कॅफे’ नावाच्या ट्रायलच्या संमतिपत्रावर सही केली. आता स्वतःला विचारा, या माणसाला ‘नाही’ म्हणायची मोकळीक कितपत वाटली असेल? संमतिपत्रावर सही आहे, तारीख आहे, कागद पूर्ण आहे. पण आपण कोर्सवर्कमध्ये ज्याला ‘स्वेच्छा’ म्हणून पाठ करतो, ती त्या कागदात शोधावी लागते.

कॅफे हा सायकोसिसच्या पहिल्याच झटक्यातल्या रुग्णांचा अभ्यास होता. २६ केंद्रं, ४०० रुग्ण, एक वर्ष. ओलान्झापिन, क्वेटियापिन आणि रिस्पेरिडोन या तीन औषधांपैकी एक मिळणार, आणि रुग्ण ते किती दिवस चालू ठेवतो हे मोजायचं. पैसा अ‍ॅस्ट्राझेनेकाचा, म्हणजे क्वेटियापिन विकणाऱ्या कंपनीचा. मिनेसोटात डॅनवर उपचार करणारे डॉक्टर आणि ट्रायलचे प्रमुख संशोधक एकच होते, आणि विभागप्रमुख सहसंशोधक. मुलाची तब्येत बिघडतेय, त्याला यातून काढा, असं त्याची आई मेरी वाइस पत्रं लिहून सांगत राहिली. ८ मे २००४ ला डॅननं आत्महत्या केली. तेव्हा तो ट्रायलमध्येच होता.

एलियट यांनी २०१० मध्ये ‘मदर जोन्स’ मासिकात या प्रकरणावर मोठा लेख लिहिला. मला त्यातला सर्वांत बोलका भाग भरतीचा वाटतो. सुरुवातीला हे केंद्र रुग्ण मिळवण्यात मागे पडलं होतं आणि त्याबद्दल त्याला तंबीही मिळाली होती. मग रुग्णालयात सायकोसिसच्या रुग्णांसाठी खास वॉर्ड सुरू झाला. तिथे येणारा प्रत्येक रुग्ण संशोधनात बसतो का, हे तपासता येऊ लागलं. आकडा चढला. अभ्यास पूर्ण करणाऱ्या प्रत्येक रुग्णामागे विद्यापीठाला १५,६४८ डॉलर मिळणार होते. हेच बातमीपत्राच्या भाषेत लिहून बघा: केंद्राची भरतीत लक्षणीय प्रगती, नव्या वॉर्डमुळे उपचार आणि संशोधन हातात हात घालून. वाक्य अगदी गुळगुळीत होतं!

दुसरी बाजूही सांगायला हवी. एफडीएच्या २००५ च्या तपासणीत ठपका ठेवला गेला नाही. विद्यापीठाविरुद्धचा आईचा दावा २००८ मध्ये कोर्टानं काढून टाकला. (त्यानंतर विद्यापीठानं तिच्याकडेच सुमारे ५७,००० डॉलर खर्च मागितला. यावर मी काही लिहीत नाही.) ट्रायलमुळेच मृत्यू झाला असं कुठल्याही अधिकृत अहवालानं म्हटलेलं नाही. पण मार्च २०१५ मध्ये राज्याच्या लेजिस्लेटिव्ह ऑडिटरनं गंभीर नैतिक प्रश्न आणि हितसंबंधांचे संघर्ष दाखवून दिले, आणि विद्यापीठाचे वरिष्ठ ते मान्यच करत नाहीत असंही नोंदवलं. त्यावर विभागातल्या औषधांच्या ट्रायलमधली नवी भरती थांबवली गेली आणि पुढच्या महिन्यात विभागप्रमुख पदावरून बाजूला झाले. म्हणजे घटनेला जवळजवळ अकरा वर्षं झाल्यावर.

आता पुस्तकाबद्दलची माझी तक्रार. एलियट बोलणाऱ्यांच्या मनात फार खोल उतरतात. बोलल्यामुळे मैत्री कशी तुटते, कॉरिडॉरमध्ये लोक नजर कशी चुकवतात, आणि शेवटी जिंकल्यासारखं वाटत कसं नाही, हे त्यांनी निर्दयपणे लिहिलंय. स्वतःलाही सोडलेलं नाही. पण न बोललेली माणसं मात्र पुस्तकात गर्दीसारखी मागे उभी राहतात. मला त्यांच्याबद्दल वाचायचं होतं. एलियट त्या विभागाचे नव्हते, बायोएथिक्सचे होते, आणि त्यांची नोकरी कायम होती. विभागातला रेसिडेंट, वर्षाच्या करारावरची नर्स, गाइडच्या सहीसाठी थांबलेला पीएच.डी.चा विद्यार्थी यांचं काय? सोमवारी केस कॉन्फरन्सला बसायचं, शुक्रवारी जर्नल क्लबला, आणि दोन्हीकडे समोर तीच माणसं. २०१५ मध्येच विद्यापीठानं बाहेरून नेमलेल्या तज्ज्ञांच्या अहवालात या विभागात भीतीचं वातावरण असल्याचा उल्लेख आला. पुस्तकाचं खरं सातवं प्रकरण तिथे होतं असं मला वाटतं.

याचं एक उदाहरण तर प्रकरणातच आहे. ट्रायलची समन्वयक पेशानं सोशल वर्कर होती. तिनं आपल्या अधिकाराबाहेरची कामं केली असं पुढे आलं, आणि २०१२ मध्ये सोशल वर्क बोर्डानं तिच्याकडून सुधारणेचा करार करून घेतला. तिच्या वरच्या डॉक्टरांवर मात्र मेडिकल बोर्डाची कारवाई झाली नाही. तुम्ही रिसर्चमध्ये आलात की पहिली पाच वर्षं बहुधा याच पायरीवर असाल. प्रोजेक्ट असिस्टंट, जेआरएफ, फील्ड इन्व्हेस्टिगेटर. संमतिपत्र समजावून सांगणारा आवाज तुमचा असतो, फॉर्मवर आद्याक्षरं तुमची असतात. सर बिझी असतात. ‘तूच भरून टाक’ हे वाक्य कुठल्या लॅबमध्ये ऐकायला मिळत नाही?

आपल्याकडे कागदावर तरतुदी बऱ्यापैकी आहेत. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ९९ प्रमाणे मानसिक आजार असलेल्या व्यक्तीवर संशोधन करताना तिची मुक्त, माहितीपूर्ण संमती लागते, आणि ती देण्याच्या स्थितीत व्यक्ती नसेल तर राज्य प्राधिकरणाकडे जावं लागतं. मिनेसोटानंही २००९ मध्ये कायदा बदलून डॅनसारख्या कोर्टाच्या अटीखाली असलेल्यांना औषधाच्या ट्रायलमध्ये घेण्यावर बंधन आणलं. कायदा झाला, तरी त्या विभागात भीती आहे हे लिहून यायला आणखी सहा वर्षं लागली. विद्यापीठाच्या फॅकल्टी सिनेटनं डिसेंबर २०१३ मध्ये ६७ विरुद्ध २३ मतांनी स्वतंत्र चौकशी मागितली, तेव्हा कुठे चाकं हलली. त्या २३ जणांचं म्हणणं काय होतं, हे मला सविस्तर वाचायला आवडलं असतं.

पुस्तक इंग्रजीत आहे, पण भाषा सोपी आहे. वाचायचं ठरवलंत तर आधी ऑडिटरचा २०१५ चा अहवाल वाचा. तो सगळ्यांसाठी खुला आहे. त्यात भाषेचा फुलोरा नाही, नुसत्या तारखा आणि कागद आहेत. कोणतं पत्र कधी आलं आणि त्यावर काय झालं, हे पेन्सिल घेऊन एका कागदावर मांडत जा. मग एलियटकडे या.