शून्यांनी भरलेला तक्ता

१९७५च्या एप्रिलमध्ये ‘सायन्स’ साप्ताहिकात मेरी-क्लेअर किंग आणि अ‍ॅलन विल्सन यांचा दहा पानांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. विषय होता माणूस आणि चिंपांझी यांच्यातील उत्क्रांतीचे दोन स्तर. शास्त्रीय लेखनालाही घाट असतो, त्यातही उत्कंठा असते, हे अनुभवायचे असेल तर हा निबंध सावकाश वाचावा.

त्याचा गाभा एका तक्त्यात आहे. दोन्ही प्राण्यांची प्रथिने घेऊन अमिनो आम्लांच्या साखळ्यांत किती ठिकाणी फरक पडतो, ते त्यात मांडले आहे. सायटोक्रोम-सी : शून्य. हिमोग्लोबिनची १४१ आम्लांची अल्फा साखळी : शून्य. १४६ आम्लांची बीटा साखळी : शून्य. मायोग्लोबिनमध्ये कुठे एक फरक सापडतो. काही फरक थेट क्रम लावून, तर काही प्रतिपिंडांच्या चाचणीवरून काढलेले. सगळ्यांची सरासरी निघते हजार आम्लांमागे साधारण सात. म्हणजे ९९ टक्क्यांहून अधिक साम्य! बर्कलीत विल्सन यांच्याकडे पीएच.डी. करणाऱ्या किंग यांना, फरकच सापडत नाहीत म्हणून आपले काम फसले असे वाटत होते. या निबंधाचे मोठेपण हे की, ज्या शून्यांनी निराशा यावी, त्यांनाच त्याने पुरावा मानले.

पुढे निबंध दुसरी मोजपट्टी काढतो. कवटी, जबडा, कटिबंध, पाऊल, चालणे, बोलणे. रेणूंच्या हिशेबात ही जोडी भगिनी प्रजातींइतकी जवळची. शरीराच्या हिशेबात मात्र तेव्हाचे प्राणिशास्त्रज्ञ दोघांना वेगवेगळ्या कुळांत बसवत होते. लेखक यांतली एकही मोजपट्टी खोटी ठरवत नाहीत. ते बेडकांकडेही बोट दाखवतात : दिसायला सारखे, पण प्रथिनांत बरेच दूर. मग दोन्ही मापे खरी असतील तर शरीर घडवणारा बदल प्रथिनांच्या बांधणीपलीकडे शोधायला हवा. तो जनुकांच्या नियमनात असावा : कोणते जनुक, कोणत्या पेशीत, कधी आणि किती काम करेल, यात.

भूप आणि देशकार या रागांचे स्वर तेच पाच. पण भूपात गंधाराला मान, देशकारात धैवताला; एक संध्याकाळचा, दुसरा सकाळचा. किंग-विल्सन यांचा युक्तिवाद मला याच जातीचा वाटतो : घटक तेच, वापर वेगळा.

या युक्तिवादाची भाषा संयमी आहे, आणि ते योग्यच आहे. माणसाला माणूस करणारा एकही नियामक खंड तेव्हा कुणी दाखवलेला नव्हता. निष्कर्ष निघाला तो इतर शक्यता अपुऱ्या ठरल्यामुळे. नियमन बदलल्याने शरीर बदलते याचे प्रत्यक्ष पुरावे पुढे आले, आणि त्यांतला एक अतिशय देखणा पुरावा दिला स्टिकलबॅक नावाच्या छोट्या माशाने. समुद्रातल्या या माशाच्या पोटाखाली संरक्षक काटे असतात. गोड्या पाण्यातल्या अनेक तळ्यांत त्याने ते गमावले. जीवशास्त्रज्ञ डेव्हिड किंग्सली यांच्या गटाने २०१०मध्ये दाखवले की, काट्यांसाठी लागणारे ‘पिट्एक्स१’ जनुक शाबूत आहे. गळाला आहे तो फक्त त्याला पोटाच्या भागात कामाला लावणारा शेजारचा डीएनए-खंड. हे जनुक शरीरात इतरत्रही लागते. ते स्वतःच मोडले असते तर मासा जगलाच नसता. खंड गळाल्याने मात्र फक्त काटे गेले. संशोधकांनी तो खंड जनुकासह बिनकाट्याच्या माशात घातला, तेव्हा पोटाखालची हाडे पुन्हा घडली. नियमनातले बदल उत्क्रांतीला इतके का मानवतात, ते या प्रयोगात स्वच्छ दिसते.

२००५मध्ये चिंपांझीच्या जनुकसंचाचा पहिला मसुदा प्रसिद्ध झाला. आता आपल्याला ठाऊक आहे की प्रथिनांतले काही बदलही महत्त्वाचे ठरले, त्यामुळे श्रेय एकट्या नियमनाला देता येत नाही. तरीही कुठे शोधायचे, ही दिशा या दहा पानांनी दिली. हातातल्या थोड्या आकड्यांतून नेमका प्रश्न घडवणारे इतके नितळ लेखन विज्ञानात विरळाच. जीवशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने हा निबंध मुळातून वाचावा.