लोकगीत आणि साथीची कला

मराठी लोकगीतांच्या अभ्यासाला सव्वाशेहून अधिक वर्षांची परंपरा असली, तरी तिचा पाया मुख्यतः शब्दसंकलनाचा राहिला आहे. हॅरी ॲक्वर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये ऐतिहासिक पोवाडे ग्रंथरूपात आणले, तेव्हापासून संपादकांचे लक्ष संहिता, पाठभेद आणि नाममुद्रा, म्हणजे अखेरच्या कडव्यात गुंफलेली कर्त्याची खूण, यांवर खिळून राहिले. होनाजी शिलारखाने हा रचनाकार आणि बाळा करंजकर हा गायक यांचे जोडनाव इतिहासात टिकले, हा भाग्याचा अपवाद होय. एरवी रचनेला उभे करणारे ढोलकीवाले, डफवाले आणि तुणतुणेवाले बहुधा अनामच राहिले. अशोक दा. रानडे यांनी ‘लोकसंगीतशास्त्र’ लिहून लोकसंगीताचा संगीत म्हणून विचार करण्याची वाट दाखवली, पण त्या वाटेने फार थोडे अभ्यासक गेले.

या उपेक्षेमुळे कलेचे मर्मच निसटते, हे झील या एका घटकावरूनही दिसते. ध्रुपदाची अखेर झीलकरी उंच पट्टीत उचलून धरतो आणि तो स्वर लांबवीत असतानाच मुख्य गायकाला दम घेण्यास व पुढील कडवे मनात जुळवण्यास अवकाश मिळतो. बहुधा झीलकऱ्याच्याच हाती तुणतुणे असते. लाकडी नळकांड्याच्या तळाला कातडे मढवून त्यातून एक तार बाजूच्या काठीवरील खुंटीला ताणलेली, इतकीच त्याची रचना; परंतु ती तार स्वर आणि लय या दोन्हींचे भान एकाच वेळी राखते. लावणीत हेच नाते अधिक गुंतागुंतीचे होते. ढोलकीची शाई लावलेली पुडी गायिकेच्या स्वराशी जुळवलेली असते, तर डाव्या अंगाचा धुम घुमारा देतो; ओळ संपताच ढोलकीवाला जो तोडा टाकतो, त्याला नर्तकीच्या पायांतील चाळ उत्तर देतात, आणि लावणीचा शृंगार शब्दांइतकाच या सवालजवाबातून आकाराला येतो. छापील लावणीत यातले काहीही उरत नाही, आणि तरीही लावणीचे मूल्यमापन छापील पानावरूनच होत आले, ही मराठी समीक्षेची मोठी उणीव मानली पाहिजे.

सद्यःस्थितीत ही साथ आर्थिकदृष्ट्याही दुय्यम ठरलेली आहे. जुन्नर तालुक्यातील नारायणगावात चैत्राच्या सुमारास तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी यात्रेसाठी सुपारी देऊन जातात. करार फडाच्या नावाने होतो, आणि वादक उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन हंगामाला बांधला जातो. २०२० आणि २०२१ या वर्षांत महासाथीमुळे यात्रा बंद राहिल्या, तेव्हा या व्यवस्थेतील सर्वांत अशक्त दुवा कोणता, हे उघड झाले. दुसरीकडे चित्रपटसंगीताने याच वाद्यांना नवी प्रतिष्ठा दिली. अजय-अतुल यांच्या ‘जोगवा’ चित्रपटातील संगीताने राष्ट्रीय पुरस्कार मिळवला आणि गोंधळ-जागराचे नादविश्व शहरी श्रोत्यांपर्यंत नेले, हे निःसंशय मोलाचे आहे, मात्र ध्वनिमुद्रित गीत ठरावीक मिनिटांचे असते, आणि रात्रभराच्या गोंधळात देवीची कथा चढत जाते तसतशी संबळाची, म्हणजे गोंधळ्याच्या कमरेला बांधलेल्या दोन नगाऱ्यांची, लय जी पालटत जाते, ती त्यात मावत नाही.

हलगीचा, म्हणजे काठ्यांनी वाजवायच्या लहान डफाचा, प्रश्न मात्र वेगळ्या गांभीर्याने घ्यावा लागतो. ती वाजवणे हे जातीने लादलेले गावकाम होते, आणि आंबेडकरी चळवळीने अशी वंशपरंपरागत कामे नाकारली तो निर्णय न्याय्य होता. त्यामुळे घटलेल्या वादनाविषयी केवळ हळहळ व्यक्त करणारे लेखन अपुरे आणि काहीसे निष्ठुर ठरते. भीमराव कर्डक यांच्यासारख्या आंबेडकरी जलसाकारांनी तमाशाचाच साचा घेऊन त्यातून समतेचा प्रचार केला, तेव्हा मानहानी टाकून कला राखता येते, हे सिद्ध झाले. वाद्य वाचवायचे तर वादकाला मान आणि मोबदला दोन्ही देणारी व्यवस्था लागते. परंपरेचा गौरव तिची जागा घेऊ शकत नाही.

अभ्यासपद्धती बदलता येते, याचे उत्तम उदाहरण जात्यावरच्या ओवीचे आहे. तिथे वाद्य नाही. जात्याची घरघर हीच साथ, आणि गिरणी आल्यावर ती साथ सुटली. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी सहकाऱ्यांसह एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, त्यांतील हजारो ध्वनिमुद्रित केल्या, आणि गाणाऱ्या बाईचे नाव व गाव ओवीसोबत नोंदवण्याचा आग्रह धरला. तमाशाचे फड आणि गोंधळ्यांची घराणी यांच्या वादनाची या तोडीची नोंद अद्याप झालेली नाही. ती करताना पूर्ण रात्रीचे प्रयोग मुद्रित व्हावेत, ढोलकीचे बोल वादकाच्याच तोंडून घेतले जावेत आणि झीलकऱ्यापर्यंत प्रत्येकाचे नाव त्याच्या संमतीने लिहिले जावे, तसेच मुद्रणाच्या वापराचे हक्क आणि मानधन आधी ठरवले जावे.