आमच्याच कागदी क्रूझरची उलटतपासणी

मागच्या व्याख्यानात आपण सगळ्यांनी मिळून फळ्यावर एक जहाज काढलं होतं. साल धरलं होतं १९०५, नौदल ब्रिटिश, आणि जहाज टेहळणीचं, म्हणजे आरमाराच्या पुढे धावून शत्रू कुठे आहे ते सांगणारं. वजन ३,००० टन, वेग २८ नॉट, टर्बाइनची यंत्रं, छोट्या दहा तोफा, कोळसा ३०० टन. सभागृहात टाळ्या पडल्या, आम्हीही खूश झालो. घरी जाऊन हिशेब मांडला तेव्हा मात्र खुशी ओसरली. आज त्याच जहाजाची समीक्षा करायची आहे. ते आमचंच आहे, म्हणून सवलत नाही.

पहिला आक्षेप वेगावर. त्या काळात ब्रिटिश नौदलाने खरोखरच अशा आठ 'स्काउट' क्रूझर बांधल्या. नौदलाने फक्त गरजा सांगितल्या आणि चार कारखान्यांनी आपापले आराखडे दिले. १९०४-०५ मध्ये ही जहाजं पाण्यात उतरली. प्रत्येक सुमारे ३,००० टनांची, आणि २५ नॉटसाठी १६-१७ हजार अश्वशक्ती लागली. आपण म्हणालो, तीन नॉट जास्त, त्यात काय मोठंसं! पण पाण्यात वेग वाढवायचा तर शक्ती साधारण वेगाच्या घनाने वाढवावी लागते. म्हणजे १६,५०० ची जवळपास २३,००० झाली, आणि हाही उदार अंदाज. वीस अश्वशक्तीमागे एक टन यंत्रवजन धरलं, तर या तीन नॉटांची किंमत सव्वातीनशे टन. जहाजाच्या एकदशांशाहून जास्त वजन नुसत्या हौसेपायी गेलं!

दुसरा आक्षेप कोळशावर, आणि हा अधिक गंभीर आहे. अश्वशक्तीमागे तासाला दोन पौंड कोळसा धरा. पूर्ण वेगात आपलं जहाज तासाला वीस टनांहून जास्त कोळसा खाणार. कोठारात आहेत ३०० टन. पंधरा तास पुरले तरी नशीब! साधारण चारशे सागरी मैलांत हे वेगवान जहाज भर समुद्रात थंड पडणार. शिवाय हे वीस टन फावड्याने भट्टीत टाकणारी माणसं लागतात. आपण तोफा मोजल्या, भट्टीवाले मोजलेच नाहीत. आराखड्यात त्यांना झोपायला जागा सुद्धा ठेवली नव्हती, बरं का.

तिसरा आक्षेप टर्बाइनवर. तेव्हाची ती नवलाई होती. 'अ‍ॅमेथिस्ट' ही टर्बाइनवर चालणारी पहिली क्रूझर. तिच्या तीन बहिणींना जुनी दट्ट्याची इंजिनं होती, त्यामुळे तुलना अगदी सरळ झाली. जोरात धावताना 'अ‍ॅमेथिस्ट' सरस ठरली, पण संथ चालीत तिलाच जास्त कोळसा लागला. कारण साधं आहे. टर्बाइनला वेगाने फिरायचं असतं, पंख्याला सावकाश, आणि दोघांमध्ये दातेरी चक्रं अजून आली नव्हती. टेहळी जहाज तर आयुष्यातला बहुतेक वेळ दहा-बारा नॉटने फेऱ्या मारतं. म्हणजे जिथे काटकसर हवी, नेमकी तिथेच आपण उधळपट्टी केली.

आता कोणी म्हणेल, कागदावरचंच जहाज, एवढं काय मनाला लावून घ्यायचं? म्हणून 'पाथफाइंडर'ची गोष्ट सांगतो. त्या खऱ्या आठांपैकी ही एक. ५ सप्टेंबर १९१४ रोजी स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळ ती गस्त घालत होती. २५ नॉट धावू शकणारी ही नौका कोळसा वाचवण्यासाठी पाचेक नॉटने रेंगाळत होती. जर्मन पाणबुडी 'यू-२१'ने एकच पाणतीर सोडला. दारूगोळ्याच्या कोठाराचा स्फोट झाला आणि काही मिनिटांत जहाज तळाला गेलं. अडीचशेच्या आसपास माणसं गेली. जो वेग वापरणं परवडत नाही, तो वेग कागदावर असून काय उपयोग? ज्यांनी ते २५ आकड्यात लिहिलं त्यांना नावं ठेवणं सोपं आहे, पण आपण तर २८ लिहून टाळ्या घेतल्या!

उलट बाजूला 'एम्डेन' पाहा. तिला जुनीच दट्ट्याची इंजिनं होती, वेगही आपल्या कागदी जहाजापेक्षा कमी. पण १९१४ मध्ये दोन महिन्यांवर हिंदी महासागरात तिने व्यापार हैराण केला, २२ सप्टेंबरला मद्रासवर तोफा डागल्या. पकडलेल्या जहाजांचा कोळसा तिने वापरला. अखेर ९ नोव्हेंबरला कोकोस बेटांपाशी 'सिडनी'ने तिला गाठलं. 'सिडनी'च्या तोफा सहा इंची, 'एम्डेन'च्या चार इंचांपेक्षा जरा मोठ्या, त्यामुळे निकाल ठरलेलाच होता. तोफांबद्दलही हाच धडा. त्या ब्रिटिश स्काउटांना मुळात बारा पौंडी गोळ्याच्या छोट्या तोफा होत्या. पुढे त्या काढून चार इंची बसवाव्या लागल्या.

मग दुरुस्ती काय? तीन नॉट परत द्या. वाचलेल्या सव्वातीनशे टनांतून अडीचशे टन कोळशाला द्या, बाकी चार इंची तोफांना. आता कोठारात साडेपाचशे टन झाले. २५ नॉटने नऊशेच्या वर मैल जाता येईल, सावकाश चालीत तर कितीतरी जास्त. इंजिनं दट्ट्याचीच ठेवू. तारायंत्राविना चालणाऱ्या संदेशयंत्रणेसाठी एक खोली, उंच डोलकाठ्या आणि भट्टीवाल्यांना झोपायची जागा एवढं मात्र काढायचंच. कारण शत्रू दिसला आणि कळवता आलं नाही, तर अख्खं जहाज फुकट.

हे जहाज आता देखणं नाही. टाळ्याही कमी पडतील. पण पहिल्या रात्रीनंतर दुसऱ्या दिवशीही ते आपल्या जागेवर असेल. टेहळणी करणाऱ्याकडून आणखी काय हवं?