‘या घरी, या सकाळी’ : विंटन मार्सालिस यांचा ट्रम्पेट

जॅझ हा शब्द उच्चारला की आपल्या धर्मग्रामांतील वडीलधाऱ्यांच्या कपाळावर अजूनही आठी उमटते. नाचघरातले, मद्यालयातले संगीत अशीच त्याची ख्याती, आणि ती सर्वस्वी खोटी आहे असेही आम्ही म्हणणार नाही. सेमिनरीत आमच्या कानांवर संस्कार झाले ते ग्रेगोरियन गायनाचे आणि मराठी भजनांचे. तिथे या संगीताला जागा नव्हती. तरीही गेली कित्येक वर्षे रात्रीची प्रार्थना आटोपल्यावर आमच्या खोलीत ज्या तबकड्या वाजतात, त्यांत विंटन मार्सालिस या कृष्णवर्णीय अमेरिकन वादकाच्या तबकड्या सर्वाधिक आहेत. त्यांच्याविषयी दोन शब्द, काही कौतुकाचे आणि काही तक्रारीचे, वाचकांपुढे ठेवावेत असे वाटते.

ट्रम्पेट आपल्याला परका नाही. लग्नाच्या वरातीत, सणाच्या मिरवणुकीत आणि शवपेटीपुढे संथ पावले टाकणाऱ्या बँडमध्ये तो आपण लहानपणापासून ऐकत आलो. गोव्याच्या धर्मग्रामशाळांतून स्वरलेखन शिकलेल्या मुलांनी तो मुंबईच्या हॉटेलांत आणि तेथून चित्रपटांत नेला. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट, यांचे नाव जुन्या पिढीला आठवत असेल. मार्सालिस यांचे न्यू ऑर्लीन्स हेही फ्रेंच आणि स्पॅनिश राजवटींत घडलेले शहर आहे. तिथेही अंत्ययात्रेपुढे बँड चालतो. दफनभूमीकडे जाताना शोकाची संथ धून आणि परतताना उल्हासाची चाल, अशी तिथली रीत. पुनरुत्थानावरील श्रद्धेचे याहून सोपे प्रवचन आम्हाला तरी अद्याप जमलेले नाही.

मार्सालिस यांचा जन्म १८ ऑक्टोबर १९६१ चा. वडील एलिस हे पियानोवादक आणि नाणावलेले शिक्षक. २०२० च्या एप्रिलमध्ये करोनाच्या साथीत ते निवर्तले. थोरले बंधू ब्रॅनफर्ड सॅक्सोफोन वाजवतात. विंटन सहा वर्षांचे असताना अल हर्ट या प्रसिद्ध वादकाने त्यांना पहिला ट्रम्पेट दिला. पुढे फेअरव्ह्यू बाप्टिस्ट चर्चमध्ये डॅनी बार्कर यांनी मुलांचा जो बँड उभारला, त्यात ते वाजवू लागले. चौदाव्या वर्षी वाद्यवृंदासह हायडनचा कन्चेर्टो, १९७९ साली न्यू यॉर्कचे ज्युलियर्ड विद्यालय, १९८० साली ढोलवादक आर्ट ब्लेकी यांचा ताफा, १९८२ साली स्वतःच्या नावाची पहिली ध्वनिमुद्रिका. १९८४ साली जॅझ आणि पाश्चात्त्य अभिजात संगीत या दोन्ही विभागांतील ग्रॅमी पारितोषिके त्यांनी एकाच वेळी पटकावली आणि पुढल्या वर्षी पुन्हा तेच करून दाखवले. त्यांच्या आधी हे कोणालाही साधले नव्हते.

परंतु या आरंभीच्या ध्वनिमुद्रिका आम्हाला कधी फारशा भावल्या नाहीत. त्यांत दोष काढायला जागा नाही, आणि हीच त्यांची अडचण आहे. १९८७ च्या ‘कार्निव्हल’मध्ये पागानिनीची एक रचना ते चार मिनिटांहून अधिक काळ न थांबता वाजवतात. गालांत साठवलेली हवा बाहेर सोडत असतानाच नाकाने श्वास घ्यायचा, ही ती युक्ती. आपल्या सनईवाल्यांना ती पिढ्यान्‌पिढ्या अवगत आहे. ऐकणारा थक्क होतो. मात्र ती तबकडी पुन्हा लावावी असे आम्हाला क्वचितच वाटले. जो वादक श्वास घेण्यासाठी थांबतच नाही, त्याच्याबरोबर आपण तरी श्वास कधी घ्यायचा? १९८५ ची ‘ब्लॅक कोड्स’ मात्र याला सन्मान्य अपवाद आहे. यादवी युद्धानंतर मुक्त झालेल्या गुलामांना जखडण्यासाठी दक्षिणेतील राज्यांनी जे कायदे केले, त्यांचे नाव या मुद्रिकेने घेतले आहे. त्या पाच वादकांच्या वादनात एक कोंडलेला संताप आहे. त्याच वर्षी ब्रॅनफर्ड आणि पियानोवादक केनी कर्कलंड हे दोघे स्टिंग या पॉप गायकाच्या ताफ्यात गेले आणि तो पंचक मोडला.

वियोगानंतर माणूस घरी परततो, तसे काहीसे मार्सालिस यांचे झाले असावे. १९८९ च्या ‘द मॅजेस्टी ऑफ द ब्लूज’मध्ये ते आपल्या शहराच्या अंत्ययात्रेकडे वळले. लहानपणीचे गुरू डॅनी बार्कर त्यात बँजो घेऊन बसले आहेत, आणि मध्यभागी चक्क एक प्रवचन आहे. जॅझ मेला असे म्हणणाऱ्यांना ते उत्तर देते. लेखन स्टॅन्ली क्राउच यांचे, वाणी शिकागोचे पाळक जेरेमाया राइट यांची. प्रवचन लांबले आहे. या बाबतीत आम्हाला थोडाफार अनुभव असल्याने हे अधिकाराने सांगतो. परंतु ट्रम्पेटचा स्वर इथे बदलला. रबरी वाटी वाद्याच्या तोंडाशी धरून गुरगुरणे, हुंदके देणे, हसणे, ही ड्यूक एलिंग्टन यांच्या वादकांची जुनी विद्या त्यांनी मनापासून आत्मसात केली, आणि निर्दोष स्वराला प्रथमच मानवी कंठ फुटला.

त्या कंठाने गायिलेली सर्वोत्तम कृती म्हणजे ‘इन धिस हाउस, ऑन धिस मॉर्निंग’, म्हणजे ‘या घरी, या सकाळी’. न्यू यॉर्कच्या लिंकन सेंटरमध्ये १९९२ साली ती प्रथम सादर झाली आणि १९९४ साली दोन तबकड्यांवर आली. सात वादक आहेत, एका ठिकाणी मॅरियन विल्यम्स या थोर भक्तिगायिकेचा आवाज आहे, आणि सुमारे दोन तासांत कृष्णवर्णीय बाप्टिस्टांची रविवारची उपासना पहिल्यापासून अखेरपर्यंत उलगडते. प्रार्थनेची हाक, प्रवेशाची मिरवणूक, अर्पण, प्रभूची प्रार्थना, शास्त्रवाचन, वेदीकडे बोलावणे, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा अशा तीन अंगांचे प्रवचन, निरोप आणि आशीर्वाद. इतकेच काय, मंडळीतील स्थानिक सूचनांनासुद्धा त्यांनी एक भाग दिला आहे! ज्या धर्मगुरूने मिस्सेच्या शेवटी सूचना वाचताना लोकांची चुळबुळ पाहिली आहे, त्याला तो भाग ऐकताना हसू आवरणार नाही.

हे सारे बहुतांशी शब्दांवाचून घडते, हे या कृतीचे मर्म आहे. प्रवचनाच्या भागात एक वाद्य विधान करते आणि इतर वाद्ये ‘होय, प्रभू’ म्हणावे तसा रुकार देतात. वक्त्याचा आवाज चढतो, लोकांचा चढतो, आणि हळूहळू कोण सांगतो आणि कोण ऐकतो हा भेदच उरत नाही. आमच्या उपासनेत प्रतिसाद छापील असतो आणि तो पुष्कळदा छापील कागदासारखाच उमटतो. वायक्लिफ गॉर्डन यांचा ट्रॉम्बोन आणि हर्लिन रायली यांचे ढोल ऐकताना ‘आमेन’ हा शब्द नव्हे, कृती आहे, असे आम्हाला वाटून गेले. शेवट चर्चच्या दारात होत नाही, तर बाहेर, घराघरांतून आणलेल्या अन्नाच्या पंगतीत होतो. प्रभुभोजनानंतरचे हे जेवण त्यांनी उपासनेबाहेरचे मानले नाही.

१९९४ सालीच त्यांनी ‘ब्लड ऑन द फील्ड्स’ ही प्रदीर्घ संगीतकथा सादर केली. जेसी आणि लिओना हे गुलाम म्हणून विकले गेलेले जोडपे. तो मूळचा राजपुत्र, ती सामान्य स्त्री. बेड्यांतही त्याचा उच्चकुलाभिमान सुटत नाही, आणि तो सुटेपर्यंत त्याला मुक्ती नाही. जातीचा अभिमान बाप्तिस्म्याच्या पाण्यातही पुरता न विरघळलेल्या आपल्या समाजाला ही कथा टोचावी. १९९७ साली तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले. जॅझच्या वाट्याला ते प्रथमच आले. १९६५ साली परीक्षकांनी शिफारस करूनही मंडळाने एलिंग्टन यांचा गौरव नाकारला होता. तीन तबकड्यांची ही कृती एका बैठकीत ऐकवत नाही. कॅसांड्रा विल्सन यांच्या गायनासाठी ती तुकड्यातुकड्यांनी ऐकावी.

आता तक्रार. १९८७ पासून लिंकन सेंटरमध्ये मार्सालिस यांनी जॅझला एक कायमचे घर मिळवून दिले. २००४ साली त्यासाठी स्वतंत्र सभागृहे उभी राहिली. परंतु घर मिळाले की दारही येते, आणि दारावर कोणीतरी उभा राहतो. खरा जॅझ कोणता हे ठरवण्याचा अधिकार त्यांनी स्वतःकडे घेतला, विजेच्या वाद्यांकडे वळलेल्यांना आणि मुक्त शैलीच्या प्रयोगशीलांना बाहेर ठेवले, असा आरोप त्यांच्यावर झाला. माइल्स डेव्हिस यांच्यावर ते जाहीर टीका करीत. १९८६ साली व्हॅनकुव्हरच्या महोत्सवात ते न बोलावता माइल्स यांच्या रंगमंचावर चढले, तेव्हा माइल्स यांनी वादनच थांबवले. परंपरेच्या रक्षकाने असे वागावे हे शोभणारे नव्हते.

हे लिहिताना आमचा हात किंचित अडखळतो. एका धर्मग्रामात असताना बँडमध्ये वाजवणारा एक तरुण आमच्याकडे आला होता. पास्काच्या मिस्सेत ‘आलेलुया’ला ट्रम्पेट वाजवू का, असे त्याने विचारले. हे वाद्य वरातीचे, वेदीचे नव्हे, असे सांगून आम्ही त्याला परत पाठवले. यरीहोच्या तटाभोवती कर्णे कोणी फुंकले होते, हे त्याने विचारले नाही. तो भला मुलगा होता. पुढे बदली झाली. काही वर्षांनी एका लग्नात तो भेटला, तेव्हा आम्हीच विषय काढला. ‘आता ओठ राहिले नाहीत, फादर,’ तो म्हणाला. ट्रम्पेटवाल्याचे ओठ रोजच्या रियाजावाचून जातात, हे आम्हाला तेव्हा कळले.

‘अ‍ॅबिसिनियन मास’ ही मार्सालिस यांची दुसरी मोठी उपासना. हार्लेममधील अ‍ॅबिसिनियन बाप्टिस्ट चर्चच्या द्विशताब्दीसाठी २००८ साली ती रचली गेली आणि २०१६ साली तबकडीवर आली. पूर्ण वाद्यवृंद, डेमियन स्नीड यांच्या हाताखालचा भला मोठा गायकवृंद आणि पाळक कॅल्व्हिन बट्स यांचे प्रवचन असा तिचा थाट आहे. गायकवृंद कोसळत्या पावसासारखा येतो तेव्हा अंगावर शहारा येतो. तथापि आमचे मत असे की, सात माणसांनी जे सुचवले होते ते इथे शंभर माणसे समजावून सांगतात. पहिल्या कृतीत आपण बाकावर बसलेले असतो, दुसरीत प्रेक्षागृहात.

ज्या वाचकांनी जॅझ कधीच ऐकलेले नाही, त्यांनी आरंभ ‘या घरी, या सकाळी’च्या दुसऱ्या तबकडीपासून करावा आणि तोही ‘रिसेशनल’ या निरोपाच्या मिरवणुकीपासून. तिला चाल आहे, टाळ्यांचा ठेका आहे, आणि घरातली लहान मुलेही तिच्यावर पाय हलवू लागतात. प्रवचनाचा भाग त्यानंतर, दिवा मालवून, एकट्याने ऐकावा.