गोधडीतील उजळ, मध्यम आणि गडद : परभणी परिसरातील वाकळ आणि छायामूल्याचा प्रश्न

प्रस्तावना

मराठी साहित्यात आणि समाजचिंतनात गोधडीचा उल्लेख विपुल आहे. तो बहुतांशी दोन अर्थांनी येतो. एक, आईच्या किंवा आजीच्या मायेची ऊब. दुसरा, दारिद्र्याची खूण. दोन्ही अर्थ खरे आहेत आणि दोन्हींनी गोधडीकडे पाहण्याची गरज संपविली आहे. गोधडी पांघरली गेली, आठवली गेली, तिच्यावर कविता झाल्या. परंतु तिच्या पृष्ठभागावर कोणते कापड कोणत्या कापडाशेजारी आले आणि का आले, हा प्रश्न मराठी समीक्षेने क्वचितच विचारला. चित्राला जे प्रश्न सहज विचारले जातात ते गोधडीला विचारले जात नाहीत. याचे एक कारण असे की गोधडीची रचना रंगांच्या नावांनी वाचू गेल्यास ती खरोखरच विस्कळीत दिसते. लाल, निळा, हिरवा, पिवळा अशी यादी करणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नाही. ती उजळ, मध्यम आणि गडद या पायऱ्यांनी वाचली की तिच्यातील निर्णय दिसू लागतात. परभणी परिसरातील वाकळीच्या संदर्भात हे वाचन कसे करावे आणि त्याच्या मर्यादा कोणत्या, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

परभणी जिल्ह्याच्या दृष्टीने वाकळीला एक जुना सांस्कृतिक संदर्भही आहे. गंगाखेड हे संत जनाबाईंचे जन्मगाव. जनाबाईंच्या चरित्रकथांत देव पहाटे घाईने निघताना आपला शेला विसरतो आणि जनीची वाकळ पांघरून राउळात जातो. पुढे पदकाच्या चोरीचा आळ, सूळ आणि त्या सुळाचे पाणी होणे हा भाग सर्वांना ठाऊक आहे. कीर्तनपरंपरेने या प्रसंगातील वाकळ नेहमी जीर्ण वस्त्र म्हणून रंगविली, कारण कथेला विरोध हवा होता : भरजरी शेला एकीकडे, फाटकी वाकळ दुसरीकडे. वाकळ म्हणजे केवळ अभाव, ही दृष्टी किती जुनी आहे हे यावरून ध्यानात यावे. ती वाकळ कुणीतरी कापडे निवडून, जुळवून शिवली असेल, हे कथेच्या गरजेबाहेरचे आहे. समीक्षेने मात्र कथेच्या गरजेवर थांबण्याचे कारण नाही.

छायामूल्य आणि मराठी शब्दसंपत्ती

अमेरिकन कलाशिक्षक अल्बर्ट मन्सेल यांनी १९०५ मध्ये रंगाचे तीन गुण स्वतंत्र मोजावेत असे मांडले : रंगछटा, छायामूल्य आणि तीव्रता. छायामूल्य म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या शिडीवर त्या रंगाचे स्थान. मन्सेल यांच्या मोजपट्टीत काळ्याला शून्य आणि पांढऱ्याला दहा हा अंक आहे. या हिशेबाने तांबडे आणि हिरवे कापड रंगाने परस्परविरुद्ध असूनही एकाच पायरीवर असू शकते. शेजारी लावल्यास दुरून ती एकमेकांत मिसळतात.

ही संज्ञा पाश्चात्त्य असली तरी कल्पना मराठीला नवी नाही. फिका, उजळ, गडद, विटका, उठावदार ही विशेषणे रंगाच्या नावाविषयी काहीच सांगत नाहीत. ती उजेडाविषयी सांगतात. यांतील सर्वांत अर्थपूर्ण शब्द ‘मळखाऊ’ हा होय. मळ खाऊन टाकणारा, म्हणजे डाग न दाखविणारा रंग. तो तपकिरी असेल, मेंदी असेल, जांभळट असेल. त्याचे स्थान मात्र मध्यम ते गडद यांच्या दरम्यान ठरलेले. कापड घेताना ‘मळखाऊ रंग दाखवा’ म्हणणारी स्त्री छायामूल्याचीच मागणी करीत असते.

कापड कोठून येते

गोधडीतील छायामूल्ये विकत घेतलेली नसतात, घरातील वापरातून आलेली असतात. मराठवाड्यातील शेतकरी कुटुंबाच्या जुन्या पोशाखाचा विचार केल्यास त्यांची विभागणी स्पष्ट होते. पुरुषाचे धोतर, सदरा, उपरणे, बहुधा पटकाही पांढरा. स्त्रीचे नऊवारी लुगडे गडद : इरकली, नारायणपेठी, सोलापुरी, रोजच्या कामासाठी काळपट निळे, हिरवे, तांबडे, चंद्रकळा तर काळीच. म्हणजे गोधडीतील उजळ भाग मुख्यतः पुरुषाच्या अंगावरून आणि गडद भाग स्त्रीच्या अंगावरून उतरलेला असे. घरातील दोघांच्या पोशाखातील भेद, जो श्रमविभागणीचा आणि प्रतिष्ठेचाही भेद होता, तो गोधडीत उजेड-अंधाराची रचना होऊन उतरतो. शेण-चुलीजवळ वावरणारीला पांढरे परवडत नव्हते, हे सांगायला निराळा पुरावा नको.

परंतु कापड गोधडीत येते तेव्हा नवे नसते. लुगडे मध्यभागी विरले की विरलेला भाग काढून दोन चांगले तुकडे जोडायचे, म्हणजे दंड घालायचा, आणि पुन्हा नेसायचे. त्यानंतर ते घरातच नेसण्याचे. आणि मग गोधडीचे. या दीर्घ प्रवासात कापडाची छाया बदलते. निळीने रंगविलेले सूत प्रत्येक धुण्याला आणि घासण्याला थोडे उतरते. डोक्यावरचा पदर उन्हाने विटतो, कमरेच्या आतील वेढा आणि घडीत दडलेला भाग तुलनेने गडद राहतो. एकाच लुगड्यातून फिका, मध्यम आणि गडद असे तिन्ही तुकडे निघू शकतात ते यामुळे. पांढऱ्याचे उलट होते. धोतर पिवळट, मग मळकट राखाडी होते. धुण्याने काळे पांढऱ्याकडे सरकते आणि वापराने पांढरे काळ्याकडे.

येथे गोधडीच्या रचनेचे मर्म आहे. जुन्या सुती कापडाच्या बोचक्यात मध्यम छायेची कापडे मुबलक असतात. खरे उजळ आणि खरे गडद दुर्मीळ. गोधडी शिवणारीपुढचा प्रश्न रंग जुळविण्याचा नसून हे दोन दुर्मीळ टोकांचे तुकडे कोठे खर्च करावेत, हा असतो. म्हणून चांगल्या वाकळीत पांढरा तुकडा सहसा एकटा आढळतो, त्याच्या शेजारी दुसरा पांढरा वाया घालविलेला नसतो. आणि लुगड्याचे काठ, जे दाट विणीमुळे व पक्क्या रंगामुळे सर्वांत कमी विटतात, ते कडेला चौकटीसारखे लावलेले असतात. काठ कडेला लावण्यामागे टिकाऊपणाचे कारण आहेच. उपयोग आणि रचना यांची येथे फारकत करता येत नाही, आणि करण्याची आवश्यकताही नाही.

(जाता जाता एक विसंगती नोंदवावयास हवी. परभणी हा काळ्या मातीचा, कापसाचा जिल्हा. सेलू आणि मानवतच्या बाजारात कापसाच्या गाड्या लागतात. तरी पारंपरिक गोधडीच्या पोटात कापूस नसतो. जुन्या कापडाचेच थर असतात. कापूस पिकविणाऱ्या घरात कापूस हा विकण्याचा माल होता.)

शेजार आणि प्रकाश

कोणताही तुकडा स्वतःहून उजळ वा गडद नसतो, शेजाऱ्यामुळे ठरतो. फ्रान्समधील गोब्लँ वस्त्रनिर्मितीशाळेच्या रंगविभागाचे प्रमुख मिशेल शेव्हरोल यांच्याकडे काळा रंग पुरेसा काळा दिसत नाही अशी तक्रार आली. दोष रंगात नसून शेजारच्या रंगांमुळे काळा तसा भासतो, हे त्यांनी दाखविले आणि १८३९ च्या ग्रंथात त्याचा नियम मांडला. परभणीच्या वाकळीत हाच नियम काम करतो. विटक्या निळ्याचा एक तुकडा धोतराशेजारी गडद ठरतो, तोच चंद्रकळेशेजारी उजळ. ज्या घरात पांढरे संपले आहे तेथे विटका निळाच पांढऱ्याचे काम करतो. दाट रंगावर पांढऱ्या दोऱ्याचा धावदोरा घातला की ठिपक्यांची रांग उमटते आणि तो भाग अर्ध्या पायरीने उजळतो. कडेकडून मध्याकडे चौकटीत फिरणारे टाके म्हणूनच केवळ थर धरून ठेवत नाहीत.

दुसरी गोष्ट प्रकाशाची. मराठवाड्यातील माळवदाच्या घरात जाड भिंती, लहान दरवाजा आणि छतातील साण्यातून उतरणारा उजेडाचा एक झोत. अशा अंधुक प्रकाशात डोळ्याला रंग नीट कळत नाही, छाया तेवढी कळते. चेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या चरणात आणखी एक निरीक्षण नोंदविले : सांज होऊ लागली की तांबडा रंग आधी काळवंडतो आणि निळा तुलनेने उजळ राहतो. दिवसा मध्यम वाटणारा तांबडा खण रात्री गोधडीत गडद होतो, निळा तुकडा पुढे येतो. गोधडी ज्या वेळी वापरली जाते ती वेळ हीच. दुपारच्या उन्हात अंगणात पसरून केलेले रंगपरीक्षण तिला अर्धवटच न्याय देते.

आयात निकषांची मर्यादा

तुकड्यांच्या रजयांत उजळ, मध्यम आणि गडद यांचा विचार सर्वाधिक पद्धतशीर झाला तो अमेरिकेत. तेथील ‘लॉग केबिन’ या प्रसिद्ध रचनेत मध्ये एक चौकोन, बहुधा तांबडा, आणि भोवती पट्ट्या. दोन बाजू उजळ, दोन गडद. अशा चौकटी फिरवून मांडल्या की सबंध रजईवर तिरपे पट्टे किंवा समचतुर्भुज उमटतात. १९७१ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने जुन्या रजया भिंतीवर टांगून अमूर्त चित्रांप्रमाणे दाखविल्या. २००२ मध्ये अलाबामातील गीज बेंड या कृष्णवर्णीय वस्तीतील स्त्रियांच्या रजया ह्यूस्टन आणि नंतर व्हिटनी येथे प्रदर्शित झाल्या. गीज बेंडचे उदाहरण परभणीला जवळचे आहे. शेतात वापरलेल्या जीनच्या कापडावर खिसा उसवून काढल्यावर उरलेला गडद निळा चौकोन त्या स्त्रियांनी रचनेत तसाच राहू दिला. वापराने निर्माण झालेले छायामूल्य हेच तेथेही साहित्य होते.

तथापि शिकवणीच्या पुस्तकांतील निकष, म्हणजे तिन्ही छाया योग्य प्रमाणात घ्याव्यात आणि डोळे किलकिले करून तपासाव्यात, जसेच्या तसे वाकळीला लावणे धोक्याचे आहे. डोळे किलकिले करण्याची युक्ती उत्तम आहे. प्रमाणाचा आग्रह मात्र दुकानातून कापड आणणाऱ्यासाठी आहे. शिवाय गोधडी भिंतीवर नसते. ती अंगावर असते, वळकटीत असते, किंवा घडी घालून चळतीत असते, आणि चळतीत फक्त घड्यांच्या कडा दिसतात. चांगल्या गोधडीच्या कडेचे काठ चळतीतही उठून दिसतात. ही तिची एकमेव भिंत म्हणावी लागेल. संग्रहालयाने रजईला चित्राची प्रतिष्ठा दिली हे खरे, पण त्या बदल्यात तिची घडी काढून घेतली.

बदललेले बोचके

नायलॉन, टेरिलीन आणि पुढे पॉलिस्टर साड्या ग्रामीण घरांत रुळल्यावर गोधडीचे साहित्य बदलले. पॉलिस्टरमध्ये रंग तंतूच्या आत शिरून बसतो. साधारण धुण्याने तो उतरत नाही. साडी फाटते, धागे निघतात, पण विटत नाही. दुसरीकडे धोतराची जागा पँटने घेतली आणि सुती पांढऱ्याचा घरगुती स्रोत आटला. परिणामी जुन्या बोचक्यात जे मुबलक होते ते मध्यम आता मिळेनासे झाले आणि झगझगीत टोके हवी तितकी मिळू लागली. अशा साड्यांची गोधडी भडक दिसते असे सरसकट म्हटले जाते आणि दोष शिवणारीच्या अभिरुचीवर टाकला जातो. हा निवाडा अन्यायकारक आहे. तिच्या हाताला दुर्मीळ उजळ जपून वापरण्याची सवय होती; तिला आता दुर्मीळ मध्यम जपून वापरायचे आहे, आणि त्याची रीत घडायला एक पिढी लागते. काही स्त्रिया मोठ्या फुलांची साडी उलटी लावतात, कारण छापील कापडाची उलटी बाजू फिकी असते. ही रीत घडू लागल्याची खूण आहे.

याउलट शहरी दुकानांत ‘पारंपरिक गोधडी’ म्हणून विकला जाणारा नव्या सुती कापडाचा माल नीटनेटका असतो, तिन्ही छाया मोजून घेतलेल्या असतात. पण त्यातील मध्यम हा रंगाऱ्याने दिलेला मध्यम आहे. तो सर्वत्र सारखा, सपाट. विटलेल्या लुगड्यात एका वितीच्या आत छाया जी हलते, ती त्यात नाही.

समीक्षकापुढील आणखी एक अडचण अशी की गोधडी शिवून झाल्यावरही विटतच राहते. आज हाती येणारी तीस-चाळीस वर्षांची वाकळ शिवताना जशी होती तशी नाही. तिची टोके एकमेकांजवळ आली आहेत आणि रचना बोथट झाली आहे. मूळ छाया पाहावयाची तर वरचा तुकडा जेथे उसवला आहे तेथे शिवणीखाली दुमडलेली कड पाहावी. तेथे ऊन पोहोचलेले नसते. परभणीत १९७२ मध्ये स्थापन झालेले कृषी विद्यापीठ आहे, त्याच्या परिसरात वस्त्रशास्त्राचे अध्यापन अनेक दशके होत आले आहे, आणि जिल्ह्यातील महाविद्यालयांत मराठी व समाजशास्त्राचे विभाग आहेत. नोंदणीसाठी लागणारी सामग्री फार नाही : दिवसाच्या उजेडात एक छायाचित्र, त्याचीच कृष्णधवल प्रत, सांजेच्या उजेडात दुसरे, आणि दुमडलेल्या कडांची स्वतंत्र नोंद. त्याबरोबर प्रत्येक तुकड्यापुढे तो कुणाच्या कोणत्या कपड्याचा, हे शिवणारीकडूनच लिहून घ्यावे लागेल, कारण धोतराचा मळका तुकडा आणि लुगड्याचा विटलेला तुकडा कृष्णधवल छायाचित्रात एकाच राखाडी पायरीवर येतात.