डेबियनचा विलंब : एक परामर्श

स्वयंसेवकांनी घडविलेल्या मुक्त संगणकप्रणालींवर मंदगतीचा आक्षेप वारंवार घेतला जातो. इयान मर्डॉक यांनी १६ ऑगस्ट १९९३ रोजी घोषित केलेली डेबियन ही तिचे ठळक उदाहरण होय. तिची ‘वुडी’ ही आवृत्ती १९ जुलै २००२ रोजी निघाली. पुढील ‘सार्ज’ ६ जून २००५ पर्यंत आली नाही. दरम्यान डेबियनच्याच पायावर, वेतनी मनुष्यबळाच्या साह्याने २००४ मध्ये उभी राहिलेली उबुंटू दर सहा महिन्यांस नवी आवृत्ती काढू लागली. तुलना अपरिहार्य होती.

तथापि ‘विलंब’ या एका शब्दात येथे दोन भिन्न गोष्टी गुंतलेल्या आहेत. पहिला विलंब परीक्षणाचा. नवी सामग्री आधी ‘अस्थिर’, मग ‘परीक्षणाधीन’ शाखेत राहते आणि गंभीर दोष निवारल्यावरच ‘स्थिर’ ठरते. हा विलंब म्हणजेच तिची विश्वसनीयता. दुसरा विलंब अनिश्चिततेचा. सार्जच्या वेळी प्रणाली यंत्रावर बसविण्याचे नवे साधन लिहावयाचे होते आणि अकरा यंत्ररचना एकाच वेळी सिद्ध करावयाच्या होत्या; त्यामुळे बदल गोठविण्याची तारीख पुढे ढकलली जात राहिली. २००९ मध्ये गोठवणीचा काळ आधीच ठरविण्याचे धोरण आले. तेव्हापासून आवृत्त्या सुमारे दोन वर्षांच्या अंतराने निघतात : ‘बुकवर्म’ जून २०२३ मध्ये, ‘ट्रिक्सी’ ऑगस्ट २०२५ मध्ये. मूळ दोष मंदगतीचा नव्हता, अनियमिततेचा होता, असेच म्हणावे लागते.

मराठीपुरता मात्र एक आक्षेप उरतोच. समजा, अकोल्याच्या जुने शहरातील एखाद्या विद्यार्थ्याच्या पडद्यावर ‘दऱ्या’ हा शब्द ‘दर्या’ असा उमटला. डोंगरातील दरीचा समुद्र झाला. अर्थभेदक चिन्हच लोपले. मूळ स्थानी हा दोष दुसऱ्या दिवशी सुधारला, तरी स्थिर शाखेत मधल्या काळात मुख्यतः सुरक्षेच्या व गंभीर दोषांच्याच दुरुस्त्या घेतल्या जातात. साहजिकच विद्यार्थ्यास कदाचित पुढील आवृत्तीची वाट पाहावी लागेल. गांभीर्याची ही मोजपट्टी यंत्राच्या बिघाडावरून आखलेली आहे, भाषेच्या हानीवरून नव्हे.

पण या हानीचे उत्तरदायित्व केवळ दूरस्थ स्वयंसेवकांवर टाकता येणार नाही. परीक्षणाधीन शाखा सर्वांस खुली असते. गोठवणीपूर्वी तीत मराठी तपासून पाहणे हे भाषाविभागांचेच काम आहे. ते न करता विलंबाविषयी तक्रार करण्याचा अधिकार आपणांस कितपत पोहोचतो, याचा विचार अभ्यासकांनी करावा.