धाकट्या निवडणुकीचें पुस्तक

विल्यम रिऑर्डन ह्या वृत्तपत्रकारानें १९०५ सालीं ‘प्लंकिट ऑफ टॅमनी हॉल’ नांवाचें एक लहानसें पुस्तक प्रसिद्ध केलें. कॉलेजांतून तें अजूनहि वाचलें जातें, पण बहुधा एक गमतीचा मासला म्हणून. विद्यार्थिदशेंत आम्हींहि तें तसेंच वाचलें, आणि पोटभर हंसून कपाटांत ठेवून दिलें. २०२५ सालीं न्यूयॉर्क शहरांत महापौराची निवडणूक झाली. तिच्या वार्ता वाचतां वाचतां तें पुन्हां हातीं घेण्याची बुद्धि झाली. हंसूं याहि खेपेस आलें, परंतु पुस्तकाविषयींचें आमचें मत मात्र पालटलें.

जॉर्ज वॉशिंग्टन प्लंकिट हा टॅमनी हॉलचा, म्हणजे न्यूयॉर्कच्या डेमोक्रॅटिक पक्षावर कित्येक दशकें हुकमत चालविणाऱ्या संघटनेचा, एका विभागापुरता म्होरक्या. कोर्टाच्या इमारतींत बूटपॉलिशवाल्याची जी उंच बैठक असे, तिच्यावर बसून तो राजकारणावर प्रवचनें झोडी, आणि तीं रिऑर्डननें टिपून घेतलीं. ह्यांत प्लंकिटचें किती आणि रिऑर्डनच्या लेखणीचें किती, हें ठरविणें कठीण. विनोद इतका वेळेवर येतो कीं कसलेल्या हाताचा संशय यावा. तथापि माणूस खोटा वाटत नाहीं.

राजकारणांत शिरूं पाहणाऱ्या तरुणास त्याचा उपदेश असा : ग्रंथ वाचूं नको, वक्तृत्व शिकूं नको, आपल्या शब्दाबाहेर न जाणारा एक मतदार आधीं मिळव. त्याचा स्वतःचा आरंभ नात्यांतल्या एका तरुणाच्या मतावर झाला. तें एक मत पदरीं घेऊन तो पुढाऱ्याकडे गेला, आणि माणसाजवळ माल आहे असें दिसतांच त्याची विचारपूस झाली. मग शेजारी, मग आळींतले सोबती.

ह्या एका मताचें मोल कळतें तें धाकट्या निवडणुकींत. आमच्या वाचकांस ती अपरिचित आहे. आपल्याकडे ‘तिकीट’ पक्षाचे श्रेष्ठी देतात. तें कोणत्या खोलींत ठरलें याची मतदारास दादहि नसते. प्लंकिटच्या काळीं तेथेंहि सर्व कांहीं पक्षाच्या बैठकींतच शिजे. पुढें १९१३ च्या सुमारास राज्याच्या कायद्यानें तो अधिकार पक्षाच्या सामान्य मतदारांकडे दिला. हीच प्राथमिक निवडणूक. शहराच्या पदांसाठीं ती जूनमध्यें होते, आणि शहरांत डेमोक्रॅटांचें पारडें कायमचें जड असल्यामुळें नगरपरिषदेच्या ५१ जागांपैकीं बहुतेकांचा निकाल खरोखर त्याच दिवशीं लागतो. नोव्हेंबरची मोठी निवडणूक उरते ती बहुधा अक्षता टाकण्यापुरती.

ह्या मांडवांत सर्वांस प्रवेश नाहीं. यादींत नांव नोंदवितांना ज्यानें पक्ष लिहिला नाहीं, त्यास जूनमध्यें पक्षाची मतपत्रिका मिळत नाहीं. २०२५ सालीं असे मतदार शहरांत दहा लाखांवर होते. पक्ष बदलावयाचा तर तोहि मुदतींत. २०१६ सालीं ती मुदत अध्यक्षपदाच्या प्राथमिक निवडणुकीपूर्वीं कित्येक महिने संपून गेली होती, त्यामुळें डोनल्ड ट्रम्प ह्यांच्या एका मुलास व मुलीस बापालाच मत देतां आलें नाहीं! नंतर ती १४ फेब्रुवारीपर्यंत सैल झाली. सुशिक्षित मनुष्य पक्षापासून अलिप्त राहण्यांत भूषण मानतो; त्या भूषणाची किंमत तेथें अशी मोजावी लागते. सुधारक सकाळीं फुलतात आणि दुपारीं कोमेजतात, अशी प्लंकिटनें त्यांची टर उडविली आहे. तो भाग वाचतांना आम्हां प्राध्यापकमंडळींस थोडें अवघडल्यासारखें होतें.

२०२१ पासून प्राथमिक निवडणुकींत मतदारास पांच उमेदवारांपर्यंत पसंतिक्रम लावतां येतो. कोणासहि निम्म्याहून अधिक मतें नसतील तर तळचा उमेदवार गळतो व त्याचीं मतें पुढच्या पसंतीकडे जातात. त्या पहिल्याच वर्षीं मधल्या एका मोजणींत चाचणीच्या सुमारें १,३५,००० मतपत्रिका चुकून मिसळल्या, आणि ती मोजणी मागें घ्यावी लागली. अखेरच्या फेरींत एरिक ॲडम्स हे कॅथ्रिन गार्सिया ह्यांच्यापुढें राहिले ते अवघ्या ७,१९७ मतांनीं. येथें प्लंकिटच्या त्या एका मताची आठवण होते. २०२५ सालीं झोहरान ममदानी ह्यांनीं माजी गव्हर्नर अँड्र्यू कुओमो ह्यांस जूनमध्यें हरविलें. हजारों स्वयंसेवक त्यांच्यासाठीं दारोदार हिंडले होते. कुओमो स्वतंत्र म्हणून नोव्हेंबरांत पुन्हां उभे राहिले, म्हणून त्या वर्षीं मोठी निवडणूकहि रंगली. पण निकाल तोच लागला.

येथवर प्लंकिट खरा ठरतो. आमचा आक्षेप पुस्तकाच्या मांडणीवर आहे. शेवटच्या प्रकरणांत म्होरक्याच्या एका दिवसाची रोजनिशी दिली आहे : रात्रीं दोनला उठून कोणास जामीन राहणें, पहाटे आगीच्या बंबामागें धांवून घर जळालेल्यांस कपडे व निवारा देणें, मग इटालियनाची अंत्ययात्रा, रात्रीं ज्यूंचें लग्न. वाचून मन द्रवतें. पहिल्या प्रकरणांत हेंच राजकारण ‘सचोटीचा मलिदा’ कसा मिळवावा तें शिकवितें : बगीचा कोठें होणार हें आधीं कळलें, तर ती जमीन घेऊन ठेवावी आणि चढ्या भावानें विकावी. वाचून हंसूं येतें. परंतु हीं एकाच खातेवहीचीं दोन पानें आहेत. चढा भाव शहर देतें तो त्याच भाडेकरूंच्या खिशांतून. आगीनंतर मिळालेला सदरा त्यांच्याच पैशांचा. रिऑर्डन हीं पानें एकमेकांपासून इतकीं दूर ठेवतो कीं जमाखर्च जुळवावा असें वाचकाच्या मनांतहि येऊं नये. टॅमनीचे प्रमुख चार्ल्स मर्फी ह्यांचा गौरवपर मजकूर पुस्तकास जोडलेला आहे, तो उगीच नव्हे. व्यक्तिचित्र म्हणून पुस्तक अव्वल आहे. साक्ष म्हणून तें एकतर्फी आहे.

आमची एक भाची क्वीन्समध्यें बारा वर्षें राहते. ग्रीन कार्ड आहे, कर भरते, मुलें तेथल्या शाळेंत जातात. अशा कायम रहिवाशांस शहरापुरतें मत देणारा कायदा नगरपरिषदेनें २०२१ सालीं केला होता; राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें तो मार्च २०२५ मध्यें रद्द ठरविला. त्या जूनपूर्वीं प्रचारक तिच्या दारीं तीनदां आले. मत नाहीं असें ऐकतांच दोघे निघून गेले. तिसऱ्या खेपेस आलेली मुलगी मात्र पायरीवर उभी राहून बसच्या फेऱ्यांविषयीं विचारीत राहिली. आम्हीं भाचीस प्लंकिट वाचावयास पाठविला. तिचें उत्तर आलें : ‘‘मामा, हा गृहस्थ असता तर माझे नागरिकत्वाचे कागद केव्हांच घरपोंच आले असते. आणि माझें मत त्या दिवसापासून त्याचें झालें असतें.’’